बीजाचे ऋण

खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे ती घरात नेण्यापूर्वी तिच्यातून काही वाटे बाजूला काढावयाचे, ही आपल्या गावगाड्याची जुनी रीत. पहिला वाटा ग्रामदेवतेचा. मग सुताराचा, लोहाराचा, कुंभाराचा, न्हाव्याचा, परटाचा. नांगर ज्याने घडविला आणि फाळाला ज्याने धार लावली, त्याचा त्या राशीत हात आहे, ही गोष्ट केवळ तोंडाने बोलून दाखविण्याची नव्हती. ती मापाने मोजून द्यावयाची होती. ह्या वाट्यास कोणी दान म्हणत नसे. ते बलुते होते, म्हणजे हक्क होता.

ह्या रीतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिच्यात वाटा जन्माने ठरे, आणि ज्याचे काम सर्वांत कष्टाचे त्याला तो सर्वांत शेवटी, ओशाळवाण्या मुद्रेने मागून घ्यावा लागे. ही लाज झाकून जुन्याचा गौरव करणे हा आत्मवंचनेचाच एक प्रकार होय. तथापि त्या रीतीच्या मुळाशी असलेला एक विचार मात्र टाकून देण्यासारखा नाही: आपल्या पदरात पडलेले सारेच आपले नसते, त्यात दुसऱ्याचे काही असते, आणि ते काय व किती हे ठरवून द्यावे लागते.

आज खळ्यावरची रास निराळी आहे. एखाद्या रानवेलीचा औषधी गुण, पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बियाण्याचा काटकपणा, डोंगरातल्या एखाद्या जमातीला ठाऊक असलेला मुळीचा उपयोग, ह्यांवर आता कारखाने चालतात. मग त्या राशीतून कोणाचा वाटा काढावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर जगातील राष्ट्रांनी गेल्या तीन दशकांत करारांच्या भाषेत शोधले आहे. जैविक संसाधनांची उपलब्धी आणि त्यांपासून होणाऱ्या लाभाचे वाटप असे त्या करारांचे लांबलचक नाव आहे. नाव रुक्ष असले तरी विषय रुक्ष नाही; तो आपल्या कृतज्ञतेच्या खरेपणाचा आहे. म्हणूनच तो केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

ह्या विचारास आरंभ करण्यास इंदूरसारखे दुसरे स्थळ नाही. आज जेथे कृषी महाविद्यालय आहे, तेथे १९२४ साली, होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर, वनस्पती-उद्योगाची एक संशोधन संस्था उभी राहिली. मध्य हिंदुस्थानातील संस्थाने आणि कापसासाठी नेमलेली मध्यवर्ती समिती ह्यांनी तिचा खर्च उचलला. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड हे त्यापूर्वी १९०५ पासून बिहारातील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होते. कापसाचे पीक सुधारावयास आलेल्या ह्या गृहस्थांचे लक्ष हळूहळू पिकावरून मातीकडे वळले. पऱ्हाट्या, पालापाचोळा, गवत, गुरांचे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख ह्यांचे थर खड्ड्यात रचावयाचे, ओल व हवा सांभाळावयाची, ठराविक दिवसांनी तीनदा सारे उलथावयाचे, आणि सुमारे तीन महिन्यांत काळेशार खत हाती घ्यावयाचे, अशी ती पद्धती. १९३१ साली हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि जगभर ती 'इंदूर पद्धती' म्हणूनच ओळखली गेली. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने इंदुरास आलेल्या महात्मा गांधींनीही ही संस्था पाहिली. केनियातील कॉफीच्या मळ्यांपासून चहाच्या बागांपर्यंत ही पद्धती पोहोचली. आज सेंद्रिय शेतीचा जो विचार जगभर बोलला जातो, त्याच्या मुळांपैकी एक मूळ माळव्याच्या काळ्या मातीत आहे.

पण ही पद्धती कोणाची? हॉवर्ड ह्यांनी तिच्यावर मालकी सांगितली नाही. चीन, कोरिया व जपानमधील शेतकऱ्यांच्या चाळीस शतकांच्या अनुभवावर फ्रँकलिन किंग ह्या अमेरिकन अभ्यासकाने लिहिलेला, १९११ साली निघालेला ग्रंथ त्यांनी वाचला होता आणि त्याचे ऋण ते मान्य करीत. हिंदुस्थानातील शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले गुरू, असेही ते सांगत. म्हणजे चीनच्या शेतकऱ्याचे ज्ञान, हिंदी शेतकऱ्याचा अनुभव, इंग्रज शास्त्रज्ञाची शिस्त आणि एका मराठी नावाच्या रसायनज्ञाचे परिश्रम, अशा चार हातांनी हा खड्डा भरला. त्यावर कोणी पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने ते ज्ञान उचलावे, अशीच रीत राहिली. माळव्याच्या शेतकऱ्याला त्याबद्दल एक पैही मिळाली नाही. तरीसुद्धा येथे चोरी झाली असे आमचे मन म्हणत नाही. असे का?

एक तर घेणाऱ्याने गुरूचे नाव घेतले. दुसरे असे की, घेतलेले ज्ञान त्याने उघडे ठेवले. माळव्याच्या शेतकऱ्याला आपले खत करावयास कोणाची परवानगी मागावी लागली नाही. खंत वाटते ती एवढीच की, हॉवर्ड ह्यांचे नाव जगाच्या तोंडी राहिले आणि त्यांच्या नावाला जोडून छापलेले वाड हे नाव इंदुरातही फारसे कोणास आठवत नाही. नाव घेणे ही कृतज्ञतेची पहिली पायरी. तीसुद्धा आपण किती सहज चुकतो!

आता ह्याच्या उलट उदाहरण पाहू. मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याच्या उपायासाठी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले. पेटंट मागणारे दोघेही संशोधक मुळचे भारतीय, ही त्यातली आणखी विचार करावयास लावणारी गोष्ट. आपल्या कोणत्याही घरात मुलाचा गुडघा फुटला तर आजी ज्या डब्याकडे वळते, त्याच डब्यावर हा हक्क होता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे व शोधनिबंधांचे पुरावे सादर केले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. ही गोष्ट आपल्या वाचकांना अभिमानाची वाटेल, आणि वाटावी.

परंतु अभिमानाबरोबर प्रश्नही विचारला पाहिजे. हॉवर्ड ह्यांनी घेतले आणि येथेही घेतले. मग पहिले सज्जनपणाचे आणि दुसरे अन्यायाचे का? आमच्या मते दोष घेण्यात नव्हता. दोष होता घेऊन दार लावण्यात, आणि ज्याच्या घरातून वस्तू आणली त्यालाच बाहेर उभे करण्यात. हळदीचा उपयोग मिसिसिपीच्या रुग्णाला झाला तर आपल्या आजीचे काहीच कमी होत नाही. ज्ञानाचा दिवा दुसऱ्या दिव्याला लावल्याने मंदावत नाही. मंदावतो तो, त्यावर कोणी झाकण ठेवले म्हणजे.

ह्या झाकणाच्या भीतीनेच राष्ट्रांची भाषा बदलली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८३ साली पिकांची जनुकसंपत्ती ही सर्व मानवजातीचा वारसा मानली होती. शब्द उदात्त होते. पण गरीब देशांचे बियाणे सर्वांचे आणि श्रीमंत देशांत त्यापासून तयार झालेले वाण मात्र मालकाचे, असा त्या उदात्ततेचा प्रत्यक्षातला अर्थ होऊ लागला. म्हणून १९९२ साली रिओ दि जानेरो येथे झालेल्या जैवविविधतेच्या करारात प्रत्येक राष्ट्राचा आपल्या जैविक संपत्तीवर सार्वभौम हक्क मान्य झाला, आणि २०१० साली जपानमधील नागोया येथे लाभवाटपाचे नियम ठरले. ते १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आले. त्यांचे सार दोनच गोष्टींत आहे: घेण्यापूर्वी सारे सांगून संमती मागावी, आणि परस्परांस मान्य अशा अटींवर घ्यावे. भारताने २००२ सालीच जैवविविधता कायदा केला. चेन्नईस राष्ट्रीय प्राधिकरण, प्रत्येक राज्यात मंडळ आणि स्थानिक पातळीवर व्यवस्थापन समिती, अशी त्याची रचना आहे. २०१४ च्या नियमांनुसार कारखानदाराने विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के एवढा वाटा द्यावा असे ठरले. २०२५ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. देशी कंपनीलाही हा वाटा चुकत नाही, असा निर्णय दिव्य फार्मसीच्या प्रकरणात उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. लुबाडणारा नेहमी परदेशीच असतो, हा आपला सोयीचा समज त्या निर्णयाने दूर केला, हे बरेच झाले.

कायदा नसतानाही मनुष्याची सद्‌बुद्धी काय करू शकते, ह्याचे उदाहरण केरळात घडले. १९८७ साली अगस्त्य पर्वतात वनस्पतींचा शोध घेत असलेले शास्त्रज्ञ चढावाने थकून गेले. त्यांचे वाटाडे काणी जमातीचे होते. ते एक लहानसे फळ चघळीत होते आणि त्यांना थकवा कसला तो ठाऊक नव्हता. शास्त्रज्ञांनी विचारले, तेव्हा त्यांनी सांगण्यास आढेवेढे घेतले. कारण ते जमातीचे गुपित होते. पुढे त्यांनी 'आरोग्यपच्चा' ही वनस्पती दाखविली. तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार केले आणि १९९५ साली कोईमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी त्याचा परवाना दिला. परवान्याचे शुल्क १० लाख रुपये, विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन, आणि ह्या दोहोंतील अर्धा वाटा काणींचा, असे ठरले. १९९७ साली जमातीचा विश्वस्त निधी स्थापन झाला आणि १९९९ साली पैसे त्यांच्या हाती आले. तेव्हा आपल्या देशात असा वाटा द्या म्हणणारा एकही कायदा नव्हता!

तथापि ह्या गोष्टीतील उणेही सांगितले पाहिजे. परवान्याचा करार संस्था व कंपनी ह्यांच्यात झाला. काणी त्याचे पक्षकार नव्हते. ज्ञान सांगितले दोघातिघांनी, ते होते साऱ्या जमातीचे. आणि आम्हांस कोणी विचारलेच नाही, अशी तक्रार त्याच जमातीच्या इतर वस्त्यांतून उठली. पाने गोळा करण्यास वनखात्याची हरकत आली. म्हणजे वाटा देण्याची इच्छा झाली तरी कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न उरतोच.

येथे दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारी माणसांचे आहेत. पहिला असा की, विद्या विकावयाची नसते, औषध सांगून मोल घ्यावयाचे नसते, ही आपली परंपरा. मग प्रत्येक पानामागे टक्केवारी लावून आपण धर्माचा बाजार मांडीत नाही काय? दुसरा ह्याहूनही अवघड आहे: आपण स्वतः कोणाकोणाचे देणे लागतो?

दुसऱ्यापासून आरंभ करू. आजचा माळवा सोयाबीनवर उभा आहे. पूर्वी गव्हासाठी ओल राखावी म्हणून जी काळी रानी पावसाळ्यात पडीक ठेवीत, ती ह्या पिकाने भरली. १९७९ साली सोयाबीनवर प्रक्रिया करणाऱ्यांची संघटना इंदुरात स्थापन झाली आणि १९८७ साली राष्ट्रीय संशोधन केंद्रही येथेच आले. पण हे बीज मुळचे चीनचे. तेथून ते अमेरिकेत गेले, आणि १९६० नंतरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांत त्याचे अमेरिकन वाण येऊन रुजले. चीनच्या ज्या शेतकऱ्यांनी रानटी वेलाला हजारो वर्षे निवडून निवडून पीक केले, त्यांना माळव्याने काय दिले? गोव्याचीही तीच कथा. काजू, मिरची, अननस, पपई ही सारी पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिका खंडातून आली. देवळातील समाराधनेच्या पानावर आपण जे वाढतो, त्यातले कितीतरी ब्राझीलच्या व मेक्सिकोच्या आदिवासींनी प्रथम ओळखले व जोपासले. त्यांचे नावही आपणांस ठाऊक नाही.

मग आपण कोणत्या तोंडाने वाटा मागावा? ह्या कोड्याचे उत्तर आपल्याच एका जुन्या कल्पनेत आहे असे आम्हांस वाटते. मनुष्य ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे आपल्या शास्त्रांनी मानले. आणि ती फेडण्याची जी रीत सांगितली ती मोठी मार्मिक आहे. पितृऋण पित्याला परत देऊन फिटत नाही, ते पुढची पिढी वाढवून फिटते. ऋषिऋण ऋषींना दक्षिणा देऊन फिटत नाही, ते शिकून व शिकवून फिटते. धनको जेथे काळाच्या पलीकडे गेला आहे, तेथे ऋण मागे फेडता येत नाही; पुढे फेडावे लागते. चीनच्या त्या अनाम शेतकऱ्याचे देणे माळव्याने बीज जिवंत ठेवून, सुधारून, आणि मागेल त्याला मोकळ्या हाताने देऊन फेडावयाचे. अन्नपिकांसाठी २००१ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार हेच सांगतो. गहू, तांदूळ अशी काही पिके त्याने राष्ट्रांच्या सामाईक कोठारात ठेवली आहेत. आमच्या देशाच्या त्याच वर्षीच्या कायद्यानेही शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांस देण्याचा हक्क मान्य केला आहे. बाफल्यांसाठी नावाजलेला माळवी गहू ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्या घरांना ह्याहून अधिक साजेसा कायदा कोणता?

परंतु येथेच एक मोठा धोका आहे, आणि आमचे सांगणे मुख्यतः त्याविषयीच आहे. ऋण पुढे फेडावे, हा विचार ज्याचा धनको मृत आहे त्याच्यासाठी आहे. ज्याचा धनको हयात आहे, डोळ्यांसमोर उभा आहे, आणि ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला हा विचार ऐकविण्याचा आपणांस अधिकार नाही. काणी वाटाड्याला ज्ञान हे सर्व मानवजातीचे असते असे सांगणे हे तत्त्वज्ञान नव्हे. ती देणे चुकविण्याची युक्ती होय. मृताचे ऋण धर्माने फेडावे, जिवंताचे ऋण हिशेबाने. ही दोन खाती एकमेकांत मिसळली की दोन्हीकडे अन्याय होतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तरही ह्यातच आहे. विद्या विकू नये हा नियम ज्ञान देणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यावयाचा आहे. घेणाऱ्याने तो देणाऱ्यावर लादावयाचा नाही. वैद्याने मोल मागितले नाही ही वैद्याची थोरवी. त्या थोरवीवर आपण कारखाना काढला आणि त्याच्या दारावरून मान वळवून गेलो, तर त्यात आपली कोणती थोरवी? करार हे कृतज्ञतेचे सर्वांत खालचे रूप आहे हे खरे. पण खालची पायरी गाळून वर चढता येत नाही.

ह्या कसोटीवर आपल्या कायद्यातील नवा बदलही पारखून पाहावा. २०२३ साली संमत झालेल्या व १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जुन्या ग्रंथांत नोंदलेले ज्ञान, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि देशी वैद्यकाचे चिकित्सक ह्यांना बरीच सूट दिली. ग्रंथकर्ते ऋषी आज वाटा मागावयास येणार नाहीत, हे मान्य. चरकाचे ऋण पुढेच फेडावयाचे आहे. लागवड करणाऱ्या शेतकऱ्यावर कागदांचा भार नको, हेही मान्य. पण हिरडा-बेहड्याचे गुण ग्रंथात असले तरी तो हिरडा ग्रंथातून उगवत नाही. सातपुड्याच्या रानात कोणी भिल्ल वा कोरकू स्त्री पहाटे उठून तो वेचते. कोणते झाड कोणत्या ऋतूत झोडावे आणि कोणते राखावे, हे तिला ठाऊक असते. औषधाचे नाव पोथीत आहे एवढ्यासाठी तिचा वाटा पुसला गेला, तर मृत धनकोची ढाल पुढे करून जिवंत धनकोला परत पाठविल्यासारखे होईल. कायद्याची सूट ही धर्माची सूट नव्हे, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

हे सारे दूरचे, सरकारच्या व कंपन्यांच्या कक्षेतले, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या कित्येक देवस्थानांभोवती देवराया आहेत. देवाची म्हणून जेथे कुऱ्हाड चालली नाही, तेथे इतरत्र नाहीशी झालेली झाडे अजून उभी आहेत. आणि ती कोणत्या कामाची हे गुरवाला, गुराख्याला, एखाद्या सुइणीला ठाऊक आहे. कायद्याप्रमाणे गावोगाव लोकांच्या जैवविविधतेची नोंदवही व्हावयाची आहे. ती कचेरीतल्या टेबलावर भरली जाईल की ह्या माणसांच्या पायाशी बसून, हे बऱ्याच अंशी आपल्यासारख्या शिकलेल्यांवर अवलंबून आहे. ज्याने सांगितले त्याचे नाव तीत यावे. आणि जे सांगावयाचे नाही असे तो म्हणेल, ते लिहू नये. देवराईतील एखादे पान कोणी अभ्यासासाठी नेले, तर देवस्थानच्या पंचांनी केवळ देवापुढच्या पेटीकडे न पाहता त्या सांगणाऱ्याच्या झोपडीकडेही पाहावे.

इंदूरच्या त्या खड्ड्याचा नियम साधा होता: शेतातून जे जे निघाले त्यातले जे परत करता येईल ते शेताला परत करावयाचे, नाही तर पुढच्या वर्षी शेत देणार नाही. ज्ञानाच्या शेताचेही असेच असावे. अगस्त्य पर्वतातील वाटाड्याने आपल्या मुलाला ते फळ दाखविले, तरच आणखी तीस वर्षांनी थकलेल्या वाटसरूला विचारावयास कोणी असेल. आपले ज्ञान घेऊन लोक मोठे झाले आणि आपण होतो तेथेच राहिलो, असे जर त्या मुलाने पाहिले, तर तो शहरात हमाली करावयास जाईल आणि फळ रानात तसेच गळून पडेल. मग वाटा द्यावयासही कोणी उरणार नाही, आणि घ्यावयास काही उरणार नाही.